शंभर फेऱ्या, तीन मिनिटे : जुन्या तबकडीची साक्ष आणि थकलेली मोटार

१/
मोडी पत्र हाती आले की इतिहासाचा विद्यार्थी आधी कागद पाहतो, शाई पाहतो, हस्ताक्षर पाहतो, पत्र अस्सल आहे की नक्कल हे ठरवतो; मजकुराचा अर्थ त्यानंतर लावतो. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र आपण थेट ऐकायला बसतो. ज्या यंत्राने ती वाजवली त्याची विचारपूस कोणी करीत नाही. माझे मत असे, की जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटार आणि पट्टा तपासणे हे मेकॅनिकचे काम असले तरी तेवढ्यावर संपत नाही. तो साधनचिकित्सेचाच भाग आहे. आजचा धागा या मुद्द्यावर.

२/
वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही, ही शिस्त महाराष्ट्राला लागली ती त्या पिढीमुळे. गंमत अशी, की त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९०२ मध्ये, फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि नोव्हेंबरमध्ये गौहरजान यांचा आवाज तबकडीवर कोरला गेला. हिंदुस्थानात इतिहासाचे एक नवे साधन जन्मले. कागदाची परीक्षा कशी करावी हे आपण शिकलो; आवाजाची परीक्षा शिकायची राहूनच गेली.

३/
कागद आणि तबकडी यांत मूलभूत फरक आहे. कागद डोळ्यांनी थेट वाचता येतो. तबकडीवरची खाच स्वतः काहीच बोलत नाही. ती फिरवावी लागते. किती वेगाने फिरवली यावर सूर, लय आणि आवाजाचा पोत, तिन्ही ठरतात. वेग ६ टक्के वाढला तर सूर जवळजवळ एक अर्धस्वर चढतो : पांढरी एकमध्ये गायिलेले गाणे काळी एकमध्ये ऐकू येते, आणि तीन मिनिटांचे गाणे सुमारे दहा सेकंद आधी संपते. ३ टक्क्यांची चूक म्हणजे अर्धस्वराचा अर्धा भाग. ती तबल्याला खटकत नाही, श्रोत्याला जाणवत नाही. पण साक्ष बदललेली असते.

४/
हे क्षुल्लक वाटत असेल तर नारायण श्रीपाद राजहंसांचा, म्हणजे बालगंधर्वांचा विचार करा. स्त्रीभूमिका करणाऱ्या या पुरुष गायकाचा स्वर नेमका किती उंच होता, त्यात लाडिकपणा किती आणि गळ्याचा मूळ धर्म किती, हे प्रश्न मराठी रंगभूमीच्या इतिहासाचे आहेत. त्यांचे एक साधन म्हणजे त्यांच्या तबकड्या. तीच तबकडी वेगाने फिरवली तर आवाज अधिक बायकी, संथ फिरवली तर अधिक भरदार ऐकू येतो. म्हणजे एका झिजलेल्या पट्ट्याच्या जोरावर कोणीही एखादा सिद्धान्त मांडू शकतो, आणि त्याला आपला पुरावा सदोष आहे याचा पत्ताही लागत नाही.

५/
‘पूर्वीची लय आजच्यापेक्षा द्रुत होती’ किंवा ‘पूर्वीचे गायक उंच पट्टीत गात’ अशी विधाने आपण नेहमी वाचतो. ती खरीही असतील. पण ज्या ध्वनिफितीवरून ती केली जातात, ती कोणी, कोणत्या यंत्रावर, किती फेऱ्यांनी वाजवून घेतली, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. कागदाच्या बाबतीत असे केले असते तर परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला असता.

६/
आता यंत्राकडे वळू. पट्ट्यावर चालणाऱ्या प्लेअरची रचना आपल्या गावाकडच्या पिठाच्या गिरणीसारखी आहे. एका बाजूला मोटार, तिच्या दांड्यावर छोटी पुली. दुसऱ्या बाजूला जड थाळी. दोघींना जोडणारा रबरी पट्टा, बोलीत बेल्ट. रबर मोटारीची थरथर सुईपर्यंत पोहोचू देत नाही, हा त्याचा मोठा गुण. १९६१ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी अ‍ॅकॉस्टिक रिसर्च कंपनीतर्फे असे साधे आणि स्वस्त यंत्र आणले आणि पुढे ही पद्धत जगभर रुळली. पण गिरणीवाल्याला विचारा : पट्टा घसरला की दळण बिघडते. इथेही तेच.

७/
यंत्राचा दोष मोटारीत आहे की पट्ट्यात, हे प्रथम वेगळे करावे. प्लग काढून थाळी उचला, पट्टा उतरवा, थाळी पुन्हा बसवून हाताने हलका झोका द्या. ती गुपचूप, बराच वेळ फिरत राहिली तर तिचा मधला खुंटा ठीक आहे. लगेच थांबली किंवा घरघरली तर तेथील तेल वाळले आहे. मग पट्टा न चढवता मोटार चालू करून पाहा. पुली सरळ, एकसारखी फिरते का? फिरत असेल तर संशय पट्ट्यावर. नुसती गुणगुणते आणि फिरत नाही तर संशय मोटारीवर किंवा तिच्या कंडेन्सरवर.

८/
पट्टा तीन प्रकारे दगा देतो. एक, तो ताणला जाऊन सैल होतो. थाळी उशिरा वेग घेते, आणि सुई टेकताच आणखी मंदावते. दोन, तो कडक होऊन पुलीभोवतीचा आकार धरतो. मग प्रत्येक फेरीत तोच ठिकाणचा बाक पुलीवरून जातो आणि सूर हेलकावे घेतो. तीन, तो वितळून डांबरासारखा होतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात माळ्यावर वीसतीस वर्षे पडून राहिलेल्या यंत्रात हा तिसरा प्रकार सापडला तर नवल नाही. ते चिकट काळे पुलीवरून आणि थाळीच्या कडेवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसल्याशिवाय नवा पट्टा चढवू नये.

९/
मोटारीची जात ओळखणेही आवश्यक आहे, कारण प्रत्येक जातीची चूक निराळी. साधी इंडक्शन मोटार व्होल्टेज आणि ओझे यांनुसार मंदावते. सिंक्रोनस मोटार विजेच्या वारंवारितेला बांधलेली असते. व्होल्टेज थोडे उतरले तरी तिचा वेग बदलत नाही, पण वारंवारिता उतरली की उतरतो. डीसी मोटार या दोहोंपासून मुक्त; तिचा वेग आतल्या छोट्या फिरत्या स्क्रूवर, मेकॅनिकच्या भाषेत प्रीसेटवर, ठरतो. हा प्रीसेट जुना झाला की त्याच्यात धूळ बसते आणि वेग आपोआप वरखाली होऊ लागतो. यंत्र कोणत्या जातीचे हे कळल्याखेरीज स्क्रू पिळणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

१०/
इथे महाराष्ट्राच्या इतिहासाचा एक अनपेक्षित धागा येतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची. पण ती नेहमी नेमकी ५० कधी होती? मागणी वाढली आणि निर्मिती अपुरी पडली की सगळ्या ग्रिडची वारंवारिता खाली येते. नव्वदच्या दशकात हे रोजचे होते. त्यानंतरच्या राष्ट्रीय ग्रिड संहितेनेही ४९ ते ५०.५ हर्ट्‌झ एवढा सैल पल्ला चालवून घेतला. ४९ हर्ट्‌झ म्हणजे सिंक्रोनस मोटार २ टक्के मंद, म्हणजेच अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा सूर खाली. तात्पर्य : एखाद्या संध्याकाळी राज्यभर पंप आणि दिवे एकदम सुरू झाले की अशा प्रत्येक प्लेअरवरचा गायक थोडा उतरत असे!

११/
२००२ साली पश्चिम विभागात विजेचा दर वारंवारितेशी जोडणारी पद्धत आली आणि शिस्त वाढली. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाशी समकालिक झाले, ते रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने. म्हणजे आपल्या धाराशिवच्या अगदी शेजारून. आजची वारंवारिता ५०च्या पुष्कळ जवळ राहते. पण नव्वदच्या दशकात घरोघरी तबकड्यांवरून कॅसेटवर जी गाणी उतरवली गेली, त्यांत त्या संध्याकाळच्या वीजटंचाईची नोंद नकळत होऊन बसलेली असू शकते. कॅसेट ऐकताना हे ध्यानात कोण घेतो?

१२/
मोजमाप करण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेऱ्यांनी फिरते. ३३ पूर्णांक १/३ गुणिले ३ म्हणजे बरोबर १००. थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवा, मोबाइलवर तीन मिनिटे लावा, फेऱ्या मोजा. १०० भरल्या तर गती बरोबर. ९७ भरल्या तर ३ टक्के मंद, १०३ भरल्या तर ३ टक्के जलद. जितक्या फेऱ्यांची चूक तितके टक्के. हिशेबाचीही गरज नाही. ४५च्या तबकडीला तीन मिनिटांत १३५ आणि ७८च्या तबकडीला २३४ फेऱ्या हव्यात.

१३/
दोन पथ्ये पाळा. मोजणी सुई टेकलेली असताना करा. रिकामी थाळी बरोबर फिरते आणि सुईच्या ओझ्याने मंदावते, हेच तर सैल पट्ट्याचे लक्षण. आणि यंत्र दहा मिनिटे चालू राहिल्यावर पुन्हा मोजा. थंड, घट्ट तेलाचा परिणाम तोवर ओसरतो. रेषांची चकती वापरणार असाल तर ५० हर्ट्‌झच्या दिव्याखाली ३३ पूर्णांक १/३ साठी १८० आणि ७८ साठी ७७ रेषा लागतात; मात्र अनेक एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, तिथे जुना पिवळा बल्बच हवा. शिवाय ही चकती विजेच्या वारंवारितेवर विसंबते. तीन मिनिटांची मोजणी मात्र घड्याळावर विसंबते, म्हणून मला ती अधिक विश्वासार्ह वाटते.

१४/
सूर हेलकावत असेल तर हेलकाव्याचा काळ मोजा. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची. दर १.८ सेकंदांनी सूर वर जाऊन खाली येत असेल तर दोष थाळीत किंवा तबकडीत आहे. दुसरी तबकडी लावून पाहा. दोष गेला तर पहिल्या तबकडीचे भोक मध्यावर नाही, यंत्र निर्दोष आहे. त्याहून सावकाश किंवा अनियमित हेलकावे पट्ट्याकडे बोट दाखवतात, आणि जलद थरथर पुलीकडे किंवा मोटारीकडे. कारण मोटार थाळीपेक्षा कितीतरी पटींनी वेगात फिरते. आरोपी अनेक असले तरी प्रत्येकाचा ताल निराळा आहे.

१५/
एक उदाहरण देतो. उमरगा तालुक्यातल्या एका घरातले ऐंशीच्या दशकातले दोन गतींचे यंत्र आम्हा काही मित्रांना तपासायला मिळाले. घरच्यांचे म्हणणे, ‘आमच्या आबांच्या भजनाच्या रेकॉर्डी हल्ली रडक्या वाटतात.’ पहिली मोजणी : तीन मिनिटांत ९४ फेऱ्या. खुंट्यातले घट्ट तेल पुसून नवे थेंबभर घातले : ९७. बाजारात मिळालेला नवा पट्टा चढवला : १०३! पट्टा मूळच्यापेक्षा जाड होता. पुली १२ मिलिमीटरची, पट्टा ०.६ ऐवजी १ मिलिमीटरचा झाला की पुलीचा कामाचा व्यास १२.६ वरून १३ होतो, म्हणजे वेग ३ टक्क्यांनी चढतो. योग्य जाडीचा पट्टा आल्यावर : १००. भजने रडकी नव्हतीच; ती एका अर्धस्वराने खाली ओढली गेली होती.

१६/
या उदाहरणातली १०३ ही संख्या मला ९४ पेक्षा धोक्याची वाटते. ९४ वर घरच्यांना निदान शंका आली. १०३ वर सगळे खूश होते : यंत्र ‘दुरुस्त’ झाले, गाणे तरतरीत झाले. तेवढ्यात कोणी मोबाइल पुढे धरून ध्वनिमुद्रण केले असते आणि ‘दुर्मीळ मूळ रेकॉर्ड’ म्हणून समाजमाध्यमांवर टाकले असते, तर उद्याच्या अभ्यासकाच्या हाती तेच लागले असते. चालू झालेले यंत्र आणि खरे बोलणारे यंत्र यांत फरक असतो.

१७/
आता आक्षेप. पहिला : ‘संगणकावर गती नंतर बदलता येते की!’ येते. पण किती बदलायची, हे मूळ चूक मोजलेली असेल तरच कळते. आणि हेलकावणारी चूक एका आकड्याने सुधारत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ‘७८च्या सगळ्या तबकड्या ७८वर कोरलेल्याच नव्हत्या.’ अगदी खरे. सुरुवातीच्या काळात कोरण्याचा वेग सत्राप्रमाणे बदले. म्हणून तर चावीच्या ग्रामोफोनला वेग कमीजास्त करण्याची कळ असे. तेथे पेटीचा किंवा ऑर्गनचा सूर ताडून, गायकाच्या ज्ञात पट्टीशी जुळवून अंदाज बांधावा लागतो. पण मोजपट्टीच वाकडी असेल तर अंदाज कशावर बांधणार? यंत्र आधी बरोबर, मग तबकडीवर शंका. हा क्रम उलटा करता येत नाही.

१८/
तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो : ‘त्या काळच्या श्रोत्यांनी तरी बरोबर गतीने कुठे ऐकले? चावी उतरली की गवई रेंगाळायचा. मग चुकीची गती हाच खरा ऐतिहासिक अनुभव नाही का?’ उत्तर असे, की येथे दोन प्रश्न आहेत : काय गायिले गेले, आणि काय ऐकले गेले. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोलाचा आहे. यात्रेतल्या कर्ण्यावर, लग्नाच्या मांडवात, तंबूच्या सिनेमात रेकॉर्ड कशी ऐकू आली हा सामाजिक इतिहासच आहे. पण श्रोत्याला मिळालेले गाणे मूळ गाण्यापासून किती दूर होते हे सांगण्यासाठी मूळ गाणे ठाऊक हवे. आणि आपल्या माळ्यावरच्या पट्ट्याची आजची झीज हा १९३५च्या श्रोत्याचा अनुभव नव्हे.

१९/
हे सारे धाराशिवमध्ये बसून लिहिण्याचे कारण आहे. तेरचे वस्तुसंग्रहालय ज्या संग्रहावर उभे राहिले तो रामलिंगप्पा लामतुरे यांनी, गावातल्या एका माणसाने, जमवलेला होता. सातवाहनकालीन वस्तूंना असा वाली मिळाला. घरातल्या तबकडीला तो मिळत नाही. ती भंगारात जाते. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतली दगडमातीची घरे माणसांसह कोसळली. घरांतल्या पेट्या, फोटो, कागद, वाद्ये यांचे काय झाले असेल याची कल्पना करता येते. जे उरले आहे ते थोडे आहे. थोडे असलेल्या गोष्टीची साक्ष तरी चुकीची नोंदवली जाऊ नये.

२०/
संस्था काम करीत आहेत, हे खरे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे, १९८२ साली स्थापन झालेले मानववंशसंगीताचे अभिलेखागार गुरुग्रामला आहे; मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने तबकड्यांच्या संग्राहकांना एकत्र आणले. पण प्रत्येक गावातल्या प्रत्येक माळ्यावर त्या पोहोचू शकत नाहीत. तिथे पोहोचणारे तुम्ही आहात : नातवंडे, भाचरे, हातात मोबाइल असलेली पिढी. म्हणून ही जबाबदारी अभिलेखागाराच्या दारात टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

२१/
काही सूचना, जपून वागण्याच्या. झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढाच. कंडेन्सरमध्ये वीज काही काळ शिल्लक राहू शकते, त्याला हात लावू नका, ते काम जाणत्या मेकॅनिकचे. तेल एक थेंब पुरे. जास्त झाले तर ते पट्ट्यावर येते आणि पट्टा पुन्हा घसरतो. स्वस्त इन्व्हर्टरवर यंत्र चालवू नका; त्याच्या खडबडीत विजेने मोटार तापते आणि गुरगुरते. एलपीची सुई ७८च्या तबकडीवर टेकवू नका. त्या तबकडीची खाच रुंद, सुई निराळी. आणि जुना पट्टा फेकू नका; नव्याची लांबी, रुंदी व जाडी ठरवायला तोच कामी येतो, अगदी सैल झालेला असला तरी.

२२/
माझी मागणी छोटी आहे. यापुढे जुन्या तबकडीचे ध्वनिमुद्रण कुठेही ठेवताना चार ओळी सोबत लिहाव्यात : तबकडीचा क्रमांक आणि कंपनी, यंत्राचा प्रकार, तीन मिनिटांतल्या फेऱ्या, तारीख आणि गाव. गावासोबत जिल्ह्याचे आजचे आणि जुने, दोन्ही नावे लिहा. २०२३पूर्वीचे कागद शोधणाऱ्याला ‘उस्मानाबाद’ लागेल. फेऱ्या ९८ भरल्या तरी लाजू नका, ९८ लिहा. चूक नोंदवलेली असली की ती सुधारता येते; न नोंदवलेली चूक कालांतराने इतिहास होऊन बसते.

२३/
या रविवारी घरातल्या, शेजारच्या, मामाच्या गावच्या यंत्रावर ही मोजणी करून पाहा आणि आकडा खाली उत्तरात लिहा : फेऱ्या किती, मोटार कोणत्या जातीची, पट्टा कसा आहे. यंत्र बंद असेल तर तेही लिहा. लक्षणे सांगितलीत तर मिळून निदान करू. पुरेसे आकडे जमले तर त्यांचा तक्ता पुढच्या धाग्यात मांडेन.